निरगाठ की सुरगाठ?



आपल्या भाषेत गाठीचं मोठं कौतुक आहे. ओढली की सुटते ती सुरगाठ, ओढाल तशी आवळत जाते ती निरगाठ. लग्नात लग्नगाठ, व्यवहारात पदरची गाठ, आणि जुना मित्र रस्त्यात दिसला की त्याची आपली ‘गाठ पडते’. आज मला जिच्याबद्दल बोलायचं आहे, ती गाठ मात्र ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असते. गळाची दोरी आणि तिच्या टोकाचा खोटा मासा यांच्यामधली गाठ. तुम्ही म्हणाल, गुरुजींना आज विषय मिळाला नाही वाटतं! पण या एवढ्याशा गाठीपायी एकदा माझ्या हातून जे झालं, ते अजून मनातून गेलेलं नाही.

मी मार्गासनीचा. पूर्वीचा वेल्हे, आताचा राजगड तालुका. पुणे-सातारा रस्ता सोडून नसरापूरकडे वळलं आणि विंझर मागे टाकलं, की वेल्ह्याच्या वाटेवर आमचं गाव लागतं. इथूनच साखरमार्गे गुंजवण्याला, म्हणजे राजगडाच्या पायथ्याला रस्ता फुटतो. तुमच्यापैकी गड चढणाऱ्या अनेकांनी आमच्याकडे चहा घेतला असेल. गडावर जाणारी माणसं मान वर करून राजगड-तोरणा बघतात. आम्ही पोरं मात्र खाली नदीकडे बघत वाढलो. नदीचं नाव गुंजवणी. तिचं पाणी पुढे नीरेला मिळतं, नीरा भीमेला.

माझे आजोबा शेतकरी. मासेमारी हा काही त्यांचा धंदा नव्हे. पण पेरण्या उरकल्या, कामाला थोडी उसंत मिळाली, की बांबूची काठी घेऊन डोहावर जाऊन बसायचे. काठीला तंगूस, तंगुसाला गळ, गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा. आणि आमिष खाली जावं म्हणून एक लहान दगड. हा दगड ते तंगुसानं कधी बांधत नसत. जुन्या लुगड्याच्या काठातला कच्चा दोरा काढून त्यानं बांधत. मी एकदा विचारलं, “आबा, दोरा तुटंल की.” ते म्हणाले, “तुटायचंच असलं तर दगडापाशी तुटू दे. दगड नदीचाच हाय. गळ नदीत ऱ्हायला नको.”

दगड कपारीत अडकला की कच्चा दोरा तुटायचा आणि गळ परत यायचा. तेव्हा मला ती काटकसर वाटली. त्यात काटकसरीहून अधिक काही होतं, हे कळायला माझे केस पिकावे लागले.

मध्ये चाळीसएक वर्षं शाळेत गेली. निवृत्त होऊन गावी आलो. वरच्या अंगाला धानेपला धरण झालं होतं, नदीची चाल पालटली होती. एका दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून आला तो एक लांब पिशवी घेऊनच. त्यातून कार्बनचा रॉड निघाला, चकचकीत रीळ निघालं, आणि एक डबी. डबीत रंगीत मासे, चमचे, रबरी बेडूक. त्याच्या भाषेत हे सगळे ‘लूर’. गांडूळ नको, कणीक नको. लांब फेकायचं आणि रिळानं ओढत आणायचं. शिकारी मासा त्याला भक्ष्य समजून धरतो. मी म्हटलं, “अरे, मासे काय इतके खुळे असतात?”

मासे खुळे नसतात. आपण त्यांची भूक ओळखलेली असते, इतकंच. फिनलंडमध्ये लाउरी रापाला नावाचा एक गरीब कोळी होता. त्याच्या ध्यानात आलं, की मोठा मासा छोट्या माशांच्या घोळक्यातून नेमका तिरपा पोहणारा, जखमी मासा उचलतो. १९३६ साली त्यानं बुचाच्या लाकडाचा एक मासा कोरला. त्याला चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि वर फोटोच्या फिल्मा वितळवून त्यांचा लेप दिला. तो खोटा मासा पाण्यात लंगडत चालायचा. आज जगभर असे मासे विकले जातात. म्हणजे रंगरूप दुय्यम, खरं आमिष ते लंगडणं.

मला पहिला धडा मिळाला तो इथेच. पुतण्यानं आणलेल्या एका तरंगत्या माशाच्या तोंडाखाली प्लॅस्टिकचा पारदर्शक ओठ होता. तो म्हणाला, “काका, तुम्ही बांधा. तुमच्या गाठी पक्क्या.” मी खूश झालो. पिशवीतली सगळ्यात दणकट पितळी भोवरकडी काढली, तिला मोठी पिन होती, ती त्या माशाच्या नाकात अडकवली. भोवरकडी म्हणजे ज्याला हे लोक स्विव्हल म्हणतात ती. गुरांच्या दाव्यालाही आपण लावतो. बैल खुंट्याभोवती कितीही फिरला तरी दाव्याला पीळ बसत नाही. म्हटलं, जे बैलाला चालतं ते माशाला का चालू नये?

नाही चालत. दुपारभर आम्ही तो मासा फेकला आणि ओढला. काठीचा तुकडा ओढावा तसा तो सरळ येत राहिला. कडीच्या वजनानं त्याचं नाक खाली गेलं होतं, त्याचं लंगडणंच मी बरं करून टाकलं होतं! संध्याकाळी पुतण्यानं ते सगळं लोढणं काढलं आणि दोरीचा एक लहानसा मोकळा फास ठेवून मासा बांधला. पहिल्याच फेकीला तो पाण्यात असा वळवळला, की माझाच जीव खालीवर झाला.

त्या दिवसापासून मी गाठींचा विद्यार्थी झालो. लूर बांधताना मी स्वतःला काही प्रश्न विचारतो, तेच तुम्हाला सांगतो.

पहिला प्रश्न, हा खोटा मासा स्वतःच्या अंगानं चालतो का? ओठवाला मासा चालतो. मग त्याचं नाक मोकळं हवं. नाकाशी आवळलेली निरगाठ एका बाजूला सरकली की मासा त्याच बाजूला ओढ खातो. म्हणून इथे फासाची गाठ. दोरीच्या टोकापासून वीतभर अलीकडे एक साधी गाठ सैल ठेवायची. टोक माशाच्या नाकातून काढायचं आणि त्या सैल गाठीतून जिकडून आलं तिकडूनच परत घालायचं. मग मुख्य दोरीभोवती चार-पाच वेढे देऊन पुन्हा त्याच गाठीतून परत आणायचं आणि आवळायचं. नाकाशी फास मोकळा राहतो, पण ओढ बसली तरी तो आक्रसत नाही. ज्याला वरचेवर मासा बदलायचा आहे त्यानं छोटी, गोल तोंडाची पिन वापरावी. पिन जितकी लहान आणि हलकी तितकी चाल चांगली. आणि माशाच्या नाकात आधीच दुहेरी रिंग असेल, तर दोरी थेट रिंगेला बांधावी. फक्त दोरी त्या रिंगेच्या फटीत सरकत नाही ना, ते पाहावं. फटीची धार दोरी कापते.

दुसरा प्रश्न, तो स्वतःभोवती गरगरतो का? फिरकी असलेले लूर गरगरतात आणि दोरीला पीळ देतात. चार फेकींत रिळावर दोरीचा असा गुंता होतो, की संध्याकाळ तो सोडवण्यात जावी. इथे मात्र माझी भोवरकडी हवीच. शक्यतो लहान, आणि नीट फिरणारी. चमच्याची गोष्ट निराळी. तो पत्र्याचा असतो. त्याच्या भोकाच्या कडेला दोरी बांधली तर ती कडा तिला चिरत राहते. म्हणून चमच्याला रिंग किंवा पिन लागतेच, आणि तो फार गरगरत असेल तर भोवरकडीही.

तिसरा प्रश्न, हे कुठून ओढून आणायचं आहे? आमच्याकडे मरळ सापडते ती पाणवनस्पतीच्या गर्दीत, काठच्या गवतात. मरळ हवेतही श्वास घेते, मधूनच वर येऊन पाण्यावर बुडबुडा सोडते. तिच्यासाठी रबरी बेडूक गवतावरून ओढतात. इथे पिन नको, कडी नको. जे काही बाहेर आलेलं असतं त्याला शेवाळ अडकतं आणि बेडकाचा झाडू होतो. दोरी थेट बेडकाच्या नाकाला. आणि बेडकाला स्वतःची चाल नसते, ती आपला हात देतो, तेव्हा निरगाठ चालते.

चौथा प्रश्न, दोरी कसली? नायलॉनला, म्हणजे आपल्या तंगुसाला, वेढ्यांची गाठ चांगली. नाकातून टोक काढून मुख्य दोरीला पाच-सहा वेढे, मग टोक नाकाजवळच्या पहिल्या फटीतून, आणि त्यामुळे जो मोठा फास तयार होतो त्यातून पुन्हा एकदा. याला ‘क्लिंच’ म्हणतात. पण हल्ली विणलेली दोरी आली आहे, बारीक आणि गुळगुळीत. तिच्यावर ही गाठ निसटते. तिला ‘पालोमार’ नावाची गाठ द्यावी. दोरी दुहेरी करून नाकातून काढायची, साधी गाठ मारायची, उरलेल्या फासातून सबंध लूर बाहेर काढायचा आणि आवळायचं. दिसायला अगदी पोरखेळ, पण धरते पक्की.

पाचवा प्रश्न, तोंड कोणाचं? समुद्रावर सुरमईसाठी जाणारे लोक लुराच्या पुढे तारेचा तुकडा लावतात, कारण सुरमईचे दात दोरी सहज कापतात. आपल्या नद्यांमधल्या खडशीचं, म्हणजे महसीरचं तोंड अगदी वेगळं. तिच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. पण तोंडाची पकड एवढी, की हलक्या रिंगा उघडतात आणि कमकुवत गळ चपटे होतात. तिथे गाठ टिकूनही कडी दगा देते. या माशाचं आणि पुण्याचं नातं जुनं आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून, आणि शास्त्रीय नावातही ‘खुद्री’ हा इथला शब्द ठेवला. पुढे त्याची संख्या घटली, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून पाण्यात सोडण्याचं काम सुरू झालं. चांगली बातमी अशी, की २०१८ साली जागतिक यादीत या जातीची नोंद धोक्याबाहेरच्या वर्गात झाली. पण म्हणून तिच्या तोंडात आपला गळ सोडून देण्याचा परवाना कोणाला मिळालेला नाही.

आता मुख्य गोष्ट.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी आम्ही काका-पुतणे नदीवर होतो. धुकं अजून पाण्यावरून उठलेलं नव्हतं. ओठवाला मासा गवताच्या कडेनं ओढायचा होता. पुतण्या रीळ लावत होता, लूर मी बांधत होतो. थंडीनं बोटं आखडलेली. पाच वेढ्यांऐवजी तीनच दिले, टोक एकदाच ओवलं आणि कोरडीच गाठ खसकन ओढली. पुतण्या म्हणाला, “काका, ओली केली का?” मी म्हटलं, “हो हो.” श्रोतेहो, आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं, आणि एका गाठीसाठी खोटं बोललो.

तिसऱ्या की चौथ्या फेकीला मरळ लागली. मोठी होती. रॉड वाकला, रीळ ओरडलं, गवतातून पाणी उसळलं, आणि एकदम सगळं सैल पडलं. दोरी मोकळी आली. पुतण्या काही बोलला नाही. त्यानं दोरीचं टोक माझ्यापुढे धरलं. ते डुकराच्या शेपटीसारखं कुरळं झालं होतं.

ही खूण तुम्हीही लक्षात ठेवा. टोक सरळ, स्वच्छ कापलेलं असेल तर दातानं नाहीतर दगडाच्या धारेनं कापलं. टोक खरबरीत, पांढुरकं असेल तर दोरी आधीपासून घासत होती. आणि टोक कुरळं असेल तर दोरी तुटलेली नाही, गाठ सुटलेली आहे. म्हणजे दोष दगडाचा नाही, माशाचा नाही, दुकानदाराचा नाही. गाठ बांधणाऱ्याचा.

मी मनाची समजूत घातली. गेला एक लूर, गेले थोडे पैसे. पंधरा-वीस दिवसांनी खालच्या आळीतला एकजण दारात आला. तो नदीत जाळं लावतो. त्याच्या हातात एक मरळ होती आणि मरळीच्या जबड्यात आमचा तो रंगीत मासा. पुढचा तिहेरी गळ वरच्या जबड्यात, मागचा खालच्या. तोंड शिवून टाकावं तसं. मरळीचं डोकं तेवढं मोठं राहिलं होतं, मागचं अंग नुसतं पट्टीसारखं. पोटात काही नव्हतं. तो म्हणाला, “गुरुजी, हे तुमच्याकडचंच दिसतंय. घ्या.” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. वस्तू ज्याची त्याला परत करायला आला होता, एवढंच. त्यामुळेच ते जास्त लागलं.

तो जाळ्यानं मासे मारतो, मीही मासे खातो, त्यात मला पाप वाटत नाही. पण मारणं वेगळं आणि उपाशी ठेवणं वेगळं. ते तोंड मी माझ्या आळसानं बंद केलं होतं.

तेव्हापासून काही गोष्टी मी नेमानं करतो. गाठ आवळण्याआधी थुंकीनं किंवा नदीच्या पाण्यानं ओली करतो. कोरडं नायलॉन ओढताना घासून तापतं आणि तिथेच दुबळं होतं. ओढायचं तेही हिसका देऊन नाही, सावकाश, वेढे एकाशेजारी एक बसेपर्यंत. गाठ बसली की लूर हाताशी नीट धरून दोरी जोरानं ओढून पाहतो. सुटायची असेल तर ती माझ्या हातात सुटू दे, माशाच्या तोंडात नको. दोन-चार मासे लागून गेले, की पुढची हातभर दोरी बोटांच्या चिमटीतून फिरवतो आणि खरखर लागली तर तेवढी कापून नव्यानं बांधतो.

घरी बसून करायची परीक्षाही सांगतो. लुराऐवजी किल्ल्यांची एक रिंग घ्यायची, तिला गाठ बांधायची, दोरीचं दुसरं टोक तुळईला, आणि रिंगेत पाण्याची बादली. तांब्या-तांब्यानं पाणी वाढवत जायचं. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. बादली जमिनीपासून चार बोटंच वर ठेवा, नाहीतर घरातून मलाच बोलणी बसतील. मी सुटीत गावातल्या मुलांना हे करून दाखवतो. तीन वेढ्यांची कोरडी गाठ आणि पाच वेढ्यांची ओली गाठ यांतला फरक बादली खाली आली की कळतो, वेगळं शिकवावं लागत नाही. दोरीच्या वेष्टनावर छापलेला आकडा दोरीचा असतो, गाठीचा नसतो, हेही त्यांना समजतं. पिनाही अशाच तपासाव्यात. काही पिना गाठीच्या आधी उघडतात.

आणि आजोबांचा कच्चा दोरा? तो मी वेगळ्या रूपात परत आणला आहे. रिळावरच्या दोरीपेक्षा पुढचा दोन हातांचा तुकडा जरा कमी ताकदीचा ठेवतो. कुठे अडकून तुटलंच, तर तुटतं ते लुराजवळ. शेकडो फूट दोरी नदीत राहत नाही, पाखरांच्या आणि गुरांच्या पायांत अडकत नाही. पण मग लूर माशाच्या तोंडात राहिला तर? त्यासाठी गळाच्या टोकामागे जो उलटा काटा असतो, तो मी पकडीनं दाबून सपाट करतो. मासा ओढताना दोरी ताठ ठेवावी लागते, एखादा निसटतोही. निसटू दे. पण गाठ तुटली तर त्याला डोकं झटकून तो गळ टाकून देण्याची संधी असते. त्या मरळीला ती नव्हती.

गळ टाकायला जाणाऱ्या तरुणांना दोन शब्द. धरण-तलावांतली मासेमारी बहुधा कुठल्या ना कुठल्या मच्छीमार संस्थेकडे असते. त्यांना विचारल्याशिवाय दोरी टाकू नका, त्यांचं पोट त्यावर आहे. पहिल्या पावसात चढणीला लागलेले मासे अंडी घालायला निघालेले असतात, त्यांची वाट सोडा. आणि मरळीच्या तांबड्या पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसला, तर खाली आई-बाप राखणीला आहेत असं समजा. ते तुमच्या बेडकावर भुकेनं नाही, पिल्लांसाठी धावतात. तिथे बेडूक टाकण्यात कसली मर्दुमकी?

तेव्हा निरगाठ की सुरगाठ? माझं उत्तर असं, की चालणाऱ्याला मोकळीक, गरगरणाऱ्याला भोवरकडी, गवतातून जाणाऱ्याला थेट निरगाठ. आणि कुठलीही घातली, तरी ती आपली जबाबदारी आहे हे ध्यानात ठेवून घालायची.

तो परत आलेला लूर आमच्या ओसरीवरच्या खुंटीला टांगला आहे. आता तो मी वापरत नाही. नदीवर निघताना पुतण्या त्याच्याकडे एकदा बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि विचारतो, “काका, ओली केली का?”

आता मी खरं उत्तर देतो.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)